भिंतीवरच्या फोटोतले हॉटेल

आपल्या मंडळाच्या वाचनालयात, पुस्तकांच्या दुसऱ्या कपाटाच्या वर, एक जुना फोटो लावलेला आहे. समोर चौकोनी तळे, तळ्यात कमळाची पाने, मागे बुटकी, पसरलेली, विटांची इमारत. तिला ना कळस, ना घुमट. छपरांच्या कडा एकीवर एक अशा पुढे आलेल्या, आणि विटांच्या मधून मधून फिकट दगडाची नक्षी. खाली पितळी पट्टीवर मजकूर आहे: ‘इम्पीरियल हॉटेल, टोकियो. भूकंपात जागची न हललेली वास्तू.’ स्मरणिका समितीने मला मंडळाचा इतिहास लिहायला सांगितला होता. तो लिहिणारे माझ्यापेक्षा बरे लोक आहेत, म्हणून मी या फोटोचा मागून घेतला. आमच्या पिढीतल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांपैकी निम्म्यांनी पायाचा पहिला धडा याच फोटोखाली उभे राहून ऐकला आहे, आणि तो धडा बराचसा चुकीचा होता.

फोटोत दिसते ते या हॉटेलचे दुसरे घर. पहिले १८९० साली उभे राहिले. पाश्चात्त्य पाहुण्यांना उतरवायला राजधानीत धड हॉटेल नाही, याची परराष्ट्रमंत्री काओरू इनोउए यांना लाज वाटत होती. त्यांच्या पुढाकाराने एइइची शिबुसावा, किहाचिरो ओकुरा असे उद्योगपती एकत्र आले आणि राजघराण्यानेही भाग घेतले. इमारत युझुरू वातानाबे या जपानी वास्तुविशारदाची, पण चेहरा पुरता युरोपी. खोल्या जेमतेम साठ. विसाव्या शतकाची पहिली दहा वर्षे सरेपर्यंत त्या अपुऱ्या पडू लागल्या.

१९०९ साली आइसाकु हायाशी व्यवस्थापक झाले. हे गृहस्थ मुळात न्यूयॉर्कमध्ये जपानी कलावस्तूंच्या पेढीवर होते आणि जपानी छापचित्रांच्या व्यवहारात त्यांची गाठ तशाच एका नादिष्ट गिऱ्हाइकाशी पडली होती. गिऱ्हाइकाचे नाव फ्रँक लॉइड राइट, अमेरिकी वास्तुविशारद. राइट १९०५ मध्येच जपान पाहून आला होता, चित्रांच्या चळती विकत घेऊन. पुढे हॉटेलचा विषय निघाला तेव्हा अमेरिकेत त्याचे दिवस वाईट होते, कामे नव्हती. हॉटेलच्या बोलण्यांना १९११ पासून सुरुवात झाली, करार १९१६ मध्ये झाला आणि पायाची कुदळ पडायला १९१९ उजाडले. एवढ्या मोठ्या कामाला सुरुवात व्हायला आठ वर्षे लागली, हे आपल्याकडच्या सभासदांना अजिबात नवल वाटण्यासारखे नाही.

आता जागेविषयी, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. हॉटेलची जागा हिबिया उद्यानासमोर. शोगुनांच्या काळात हा भाग खाडी भरून काढलेला. वरची आठेक फूट जमीन जरा बरी, आणि तिच्या खाली साठ ते सत्तर फूट मऊ गाळ. आपल्याकडे काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला निदान एवढे माहीत असते की उन्हाळ्यात ती फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि थोडे खोल गेले की मुरूम लागतो. टोकियोच्या त्या गाळात खोल जाऊन हाताला काही लागत नव्हते.

राइटने ठरवले की खोल जायचेच नाही. सुमारे नऊ इंच जाडीची, आठ फूट लांबीची निमुळती छिद्रे जमिनीत दर दोन फुटांवर पाडायची, त्यांत काँक्रीट ओतायचे आणि त्या बुटक्या पाइलांवर पाया ठेवायचा. म्हणजे वरच्या बऱ्या थरात इमारत धरून ठेवायची आणि खालच्या गाळाला उशी समजायचे. भूकंपात गाळ हलेल, इमारत त्यावर जहाजासारखी तरंगेल, असा त्याचा हिशेब. लांबच लांब इमारत त्याने सांधे सोडून तुकड्यातुकड्यांत बांधली, म्हणजे एक भाग हलला तर दुसऱ्याला ओढणार नाही. स्लॅब भिंतींवर टेकवण्याऐवजी मधल्या आधारांवरून दोन्हीकडे कँटिलिव्हर काढले. वाढपी तळहातावर तबक तोलतो तसे, हे उदाहरण त्याचेच. नळ आणि तारा काँक्रीटमध्ये न गाडता मोकळ्या चरांतून नेल्या, भिंती खाली जाड आणि वर पातळ ठेवल्या. आणि छपराला जड कौले न घालता तांब्याचा हलका पत्रा घातला.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्यानंतर मी तिथे पाहणीला गेलो होतो. दगड आणि मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, आणि त्यांवर माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून वर्षानुवर्षे थरावर थर चढवलेली माती. माणसे दगावली ती भूकंपाने नव्हे, त्या मातीने आणि दगडांनी. डोक्यावरचे ओझे कमी करा, हे भूकंपशास्त्रातले सगळ्यांत स्वस्त वाक्य आहे आणि सगळ्यांत कमी ऐकले जाणारे. राइटच्या पाइलांवर आम्ही तासन् तास बोलायचो, पण त्याच्या तांब्याच्या पत्र्याबद्दल मी कुणाला बोलताना ऐकले नाही.

बांधकामाचा माल त्याने तिथलाच घेतला. दगड ओया गावचा. उत्सुनोमियाजवळ मिळणारा हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड हलका, छिद्राछिद्रांचा आणि इतका मऊ की सुताराच्या हत्यारानेही कोरता यावा. असल्या दगडाला प्रतिष्ठेच्या इमारतीत जागा द्यावी, हे जपानी मालकांनाही आधी पटेना. त्याकडे कोठार आणि कुंपणाच्या भिंतींचा माल म्हणून पाहिले जाई. विटा तोकोनामे इथल्या, पिवळसर, आणि दर्शनी अंगावर उभ्या रेघा ओढलेल्या. त्यांच्यासाठी हॉटेलने स्वतःची वीटशाळाच काढली. फोटो जवळून पाहिलात, शक्यतो भिंग घेऊन, तर प्रवेशाच्या उजव्या खांबावर या रेघा मोजता येतात. सकाळचे तिरपे ऊन पडले की प्रत्येक विटेवर बारीक सावल्यांची कंगव्यासारखी रांग उभी राहते. गुळगुळीत विटेवर ऊन नुसते पडून राहिले असते.

काम लांबत गेले, खर्च फुगत गेला, संचालक चिडत गेले. त्यातच १६ एप्रिल १९२२ ला जुनी, १८९० ची इमारत आगीत खाक झाली. त्या दिवशी इंग्लंडचे युवराज टोकियोत होते. हेच युवराज पाच महिन्यांपूर्वी, १७ नोव्हेंबर १९२१ ला, मुंबईत उतरले तेव्हा शहरात बहिष्कार, परदेशी कापडाची होळी आणि दंगली झाल्या होत्या. आगीनंतर हायाशींनी राजीनामा दिला. नव्या इमारतीचा एक भाग घाईने उघडला गेला आणि जुलैमध्ये राइट जपान सोडून गेला तो पुन्हा आला नाही. उरलेले काम त्याचा सहकारी अराता एंदो याने पुरे केले. अर्धवट इमारतीतच नोव्हेंबरमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन उतरले होते. निरोप घेऊन आलेल्या नोकराला बक्षिसी म्हणून त्यांनी हॉटेलच्या कागदावर सुखी आयुष्याविषयी दोन ओळी खरडून दिल्या, तो कागद २०१७ मध्ये लिलावात पंधरा लाख डॉलरच्या वर गेला.

इमारत पुरी झाल्याची मेजवानी १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी ठेवली होती. त्या दिवशी सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी कांतोचा भूकंप झाला. टोकियो आणि योकोहामा मिळून एक लाखाहून जास्त माणसे गेली. बहुतेकांचा बळी आगीने घेतला, कारण घराघरांत जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. हॉटेलच्या स्वयंपाकघरातही मेजवानीची तयारी चालू होती. नवे व्यवस्थापक तेत्सुझो इनुमारू यांनी आधी वीज तोडायला लावली. पुढे आग शेजारपर्यंत आली तेव्हा नोकरांनी रांग लावून दर्शनी तळ्यातले पाणी बादल्यांनी उपसले. हे तळे म्हणजे उधळपट्टी आहे म्हणून संचालक ते काढून टाकायला निघाले होते, असे राइटने पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या फोटोत ज्या तळ्यात कमळाची पाने दिसतात, तेच हे.

हॉटेल उभे राहिले. काही दिवस वकिलाती, वार्ताहर, बेघर झालेले लोक तिथेच होते. अमेरिकेत राइटला तार मिळाली की हॉटेल तुमच्या प्रतिभेचे स्मारक म्हणून अबाधित उभे आहे आणि शेकडो बेघरांची सोय तिथे होते आहे. तार ओकुरांच्या नावाची. ती त्यांनीच पाठवली, की तिचे शब्द राइटने स्वतःच बसवले, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. राइटने मात्र ती जन्मभर वाजवली. आपल्या पितळी पट्टीवरचा मजकूर त्याच तारेचा नातू आहे.

इथे इंजिनिअर म्हणून मला आडवे यावे लागते. इमारत ‘न हललेली’ नव्हती. मधल्या भागातल्या जमिनी फुगल्या, भोजनगृह खचले, दगडी नक्षीचे तुकडे पडले. इमारत गाळात बसली आणि पुढची चाळीस वर्षे बसतच राहिली. सेटलमेंट इंचांत नव्हते, फुटांत होते. सांध्यांपाशी एक तुकडा वर, दुसरा खाली. ज्या गाळाला राइट उशी समजला, त्याच्यात भूकंपाचा हादरा मुरण्याऐवजी बहुतेक वेळा वाढतो, हे आज दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत आहे. इमारत वाचली ती बुटकेपणामुळे, सांध्यांमुळे, हलक्या छपरामुळे आणि वीज वेळेवर तोडणाऱ्या माणसामुळे. पायामुळे वाचली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आणि ती एकटी वाचली असेही नाही. जवळच ताचू नाइतो यांनी गणित केलेली जपान इंडस्ट्रियल बँकेची इमारत होती. तिला जवळजवळ काहीच झाले नाही. नाइतोंचा विचार राइटच्या अगदी उलटा. इमारत तरंगू द्यायची नाही, घट्ट करायची, आणि काँक्रीटच्या भिंती अशा ठिकाणी घालायच्या की आडवा धक्का त्यांनी सोसावा. भूकंपानंतर वर्षभरात जपानच्या बांधकाम नियमांत आडव्या बलाचा हिशेब सक्तीचा झाला. इमारतीच्या वजनाच्या एक दशांशाइतका आडवा जोर धरून आखणी करायची, असा तो हिशेब. आपण आज ज्यांना शिअर वॉल म्हणतो त्यांच्या वंशावळीत नाइतो बसतात, राइट नाही. पुढे टोकियो टॉवरचे गणितही नाइतोंनीच केले. पण बँकेचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. तो दिसायला साधा आहे.

युद्धात, मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात, हॉटेलचा दक्षिणेकडचा भाग आणि मेजवानीचे दालन जळाले. नंतर १९५२ पर्यंत ते अमेरिकी फौजांच्या ताब्यात होते. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्याचे न्यायाधीश इथेच राहत. त्यांत भारतातर्फे आलेले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल होते. पाल बहुतेक वेळ खोलीत कागदपत्रांत बुडलेले असत. सगळे आरोपी निर्दोष आहेत असे सांगणारे त्यांचे १२३५ पानांचे भिन्नमत याच हॉटेलच्या खोल्यांत तयार झाले. जपानमध्ये पालांची स्मारके आहेत. त्यांची खोली मात्र इमारतीबरोबर गेली.

या हॉटेलचा आणखी एक धागा भारतात येतो. राइटबरोबर टोकियोला आलेला तरुण मदतनीस अँटोनिन रेमंड पुढे त्याच्यापासून वेगळा झाला, जपानमध्येच स्थिरावला आणि पाँडिचेरीला अरविंद आश्रमासाठी त्याने ‘गोलकोंडे’ हे वसतिगृह बांधले. मंडळाच्या सहली चंदीगडला दोनदा गेल्या, पाँडिचेरीला एकदाही नाही. पुढच्या कार्यकारिणीने हे मनावर घ्यावे.

मग हॉटेल का पाडले? गुरुत्वाकर्षणाने नव्हे, हिशेबाने. टोकियोत इमारतींना १०० शाकू, म्हणजे ३१ मीटर, उंचीची मर्यादा होती. १९६३ साली कायदा बदलला आणि चटईक्षेत्राचा हिशेब आला. हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर छत्तीस मजली कासुमिगासेकी इमारत चढत होती. अशा भागात दोन-तीन मजले आणि पावणेतीनशेच्या आसपास खोल्या म्हणजे सोन्याच्या जमिनीवर बाग लावण्यासारखे. ओसाकाचे १९७० चे जागतिक प्रदर्शन तोंडावर, पाहुणे येणार. शिवाय खचलेल्या जमिनी, ओया दगडाला लागलेली झीज, तडे आणि गळती. मार्गिका अरुंद, छत ठेंगणे. राइट स्वतः उंचीने बेताचा होता आणि त्याच्या इमारतींत उंच माणसाचे डोके नेहमी धोक्यात असे.

पाडण्याचा निर्णय झाला तेव्हा हॉटेलचे अध्यक्ष होते तेत्सुझो इनुमारू. भूकंपाच्या दिवशी वीज तोडून ज्यांनी इमारत वाचवली, तेच. जगभरातून पत्रे आली, टोकियोत वास्तुविशारदांनी समिती केली, राइटची विधवा ओल्गिवाना विनवणी करायला आली. इनुमारूंना खलनायक करणे सोपे आहे, मी करणार नाही. चव्वेचाळीस वर्षे ज्या माणसाने गळणारी छपरे सांभाळली, त्याचे मत आणि दोन रात्री राहून फोटो काढून गेलेल्याचे मत एका तागडीत घालता येत नाही. पण पाडण्याआधी संपूर्ण इमारतीची तपशीलवार मोजणी व्हायला पुरेसा वेळ मिळाला असता तर बरे झाले असते, एवढे म्हणेन.

नोव्हेंबर १९६७ मध्ये हॉटेल बंद झाले आणि हिवाळाभर पाडकाम चालले. ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी इथे कोयनेचा भूकंप झाला. मी पुण्यात वसतिगृहात होतो. लोखंडी खाट भिंतीपासून वीतभर सरकली आणि आम्ही पोरे पंचे गुंडाळून मैदानात आलो. थंडीत उभ्या उभ्या कुणीतरी म्हणाले की जपानमध्ये भूकंपाला न भिणारे एक हॉटेल आहे, आमच्या मास्तरांनी फोटो दाखवला होता. ते हॉटेल त्याच आठवड्यांत घणाखाली होते, हे मला कळायला वीस वर्षे लागली.

दर्शनी भाग आणि तळे मात्र वाचले. नागोयाजवळ इनुयामा इथे १९६५ पासून मेइजी-मुरा नावाचे जुन्या वास्तूंचे संग्रहालय आहे. त्याचे प्रमुख, वास्तुविशारद योशिरो तानिगुची, यांनी प्रवेशाचा भाग तिथे नेऊन उभा करण्याचे अंगावर घेतले. बाहेरून तो उभा राहायला १९७६ उजाडले आणि आतून लोकांना पाहायला मिळायला १९८५. झिजलेल्या ओया दगडाच्या जागी पुष्कळ ठिकाणी काँक्रीटच्या प्रतिकृती बसवाव्या लागल्या. विटांचे तोकोनामे आणि मेइजी-मुरा दोन्ही आइची प्रांतात, म्हणजे विटा टोकियोला जाऊन आपल्या मुलखात परत आल्या. मी २००६ मध्ये तिथे गेलो होतो. आपल्या फोटोतला उजवा खांब शोधला, विटेच्या रेघांवरून बोट फिरवले. पहारेकऱ्याने नम्रपणे हात मागे घ्यायला सांगितले.

मुंबईत अपोलो बंदरावर ताजच्या शेजारचे ग्रीन्स हॉटेल असेच गेले आणि त्या जागी १९७३ मध्ये ताजचा मनोरा उभा राहिला. त्याचा एखादा खांबही कुठल्या गावी नेऊन उभा केलेला नाही.

आपल्या फोटोविषयी दोन शब्द. तो मंडळाला कुणी दिला याची नोंद दप्तरात नाही. मागच्या बाजूला शाईने काही लिहिले होते, ते वाळवीने खाल्ले. फोटोत आवारात उभ्या मोटारी चौकोनी, जुन्या वळणाच्या आहेत आणि दर्शनी दगडाची कोर अजून धारदार दिसते. म्हणजे फोटो हॉटेल नवे असतानाचा, युद्धाच्या बराच आधीचा. इमारत तेव्हाही खचलेली होती, पण तळ्याच्या अलीकडून घेतलेल्या फोटोत सेटलमेंट दिसत नाही. ते पाहायला पाणसळ लावावी लागते.

टोकियोत १९७० साली त्या जागी सतरा मजली, साडेसातशेहून अधिक खोल्यांची इमारत आली. तिच्या बारमध्ये राइटच्या इमारतीतला भिंतीचा एक तुकडा जपलेला आहे. आता तीही पाडायची ठरली आहे. जाहीर झाल्याप्रमाणे २०३१ मध्ये काम सुरू होऊन चौथी इमारत २०३६ मध्ये पुरी व्हायची आहे, आराखडा त्सुयोशी ताने यांचा.

समितीला एक विनंती आहे. वाचनालयाची रंगरंगोटी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या आधी होणारच आहे. तेव्हा फोटो खाली उतरेल. परत लावताना पितळी पट्टी बदलावी. नवा मजकूर मी चिटणिसांकडे दिला आहे: ‘इम्पीरियल हॉटेल, टोकियो. १९२३ ते १९६७. भूकंपात हलले, खचले, पण पडले नाही. नंतर पाडले.’ पट्टीचा खर्च माझ्याकडे.